खरी सेना कुठली हे मला नको विचारूस

बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच उडाली. "काका, दोन्हीकडून फोन येतायत, खरी शिवसेना कुठली?" अरे, १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण कोणाला दिला ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. आधी मला तुझा मुद्दा सांग. तू कशासाठी आलास?

मी आलो मराठी पोरांच्या नोकऱ्यांसाठी. १९६६ ला सेना निघालीच त्याच्यावर, तेव्हा सगळा राग दाक्षिणात्यांवर, आज मला तोही पटत नाही. मग ६८ ला पालिकेत प्रजासमाजवादी पक्षाशी युती, ७५ ला आणीबाणीला पाठिंबा, ८७ ला पार्ल्याची पोटनिवडणूक उघड हिंदुत्वावर, ८९ ला भाजपशी युती, २०१९ ला काँग्रेसबरोबर सरकार. धनुष्यबाण तरी कुठे पहिल्यापासून होता, आम्ही ढाल-तलवारीचा पण प्रचार केलाय. यातली खरी कुठली सांगू तुला? म्हणून म्हणतो, मुद्दा सांग.

शाखेबाहेरचा फळा मी लिहायचो, अक्षर चांगलं म्हणून. ८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, माझा सख्खा भाऊ साच्यावर, म्हणजे मागावर होता, तो घरी बसला, वहिनी डबे करायला लागली. आणि मी फळ्यावर काय लिहीत होतो? "गर्व से कहो हम हिंदू हैं". मराठीसाठी आलेला मी, हिंदीत लिहीत होतो! भाऊ एकदा तिथे थांबला, फळा वाचला आणि काही न बोलता निघून गेला.

मग सोडलं का नाही म्हणशील. सोडलं असतं तर रेशनकार्डाचे फॉर्म कोणी भरले असते, रात्री दोनला पेशंट केईएमला कोणी नेला असता? सेना म्हणायची ते ८० टक्के समाजकारण मी खरंच केलंय, कोणी काही म्हणो. पण भावासाठी तोंड उघडलं नाही. शाखेतच बसून उघडायला पाहिजे होतं. पक्ष बदलणारच रे, तो बदलत असताना तू गप्प राहून फळा लिहू नकोस, एवढंच किती वेळा सांगू?

तुझा मुद्दा घराचा आहे ना, चाळ पाडली आणि बिल्डरने भाडं थकवलंय? मग दोन्हीकडे जा. झेंडा नको, फाइल घेऊन जा. भाडं कधी मिळवून देणार विचार, कोण काय बोललं ते तारखेसकट वहीत लिही आणि रविवारी वही घेऊन घरी ये.