सगळं बंद, तरी सेन्सर करंट दाखवतो

प्रश्न : शेतातल्या खोलीत १२ व्होल्टच्या सोलर बॅटरीवर ३ वॅटचे दोन एलईडी आणि एक राऊटर चालतो. रात्रभरात किती करंट जातो ते बघायला एसीएस७१२ या करंट मोजणाऱ्या सेन्सरचं ३० अँपिअरवालं मॉड्यूल आर्डुइनो उनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) जोडलंय, पण सगळं बंद केलं तरी कधी ०.१ तर कधी ०.२ अँपिअर दिसतात. मध्ये ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) टाकू का?
– एक वाचक, जत

उत्तर : नका टाकू, सिग्नलबरोबर नॉईजपण (आकडा उगाच हलवणारा गोंधळ) तेवढाच मोठा होईल. तुमचं मॉड्यूल एका अँपिअरला ६६ मिलिव्होल्ट देतं, आणि उनो ५ व्होल्टचे १०२४ तुकडे करतो, म्हणजे एक पायरी साधारण ७४ मिलिअँपिअरची झाली आणि तुमचा एक एलईडी पाव अँपिअर घेतो, जेमतेम साडेतीन पायऱ्या! ५ अँपिअरवालं मॉड्यूल घेतलं तर १८५ मिलिव्होल्ट मिळतात, पायरी बारीक होते, पण नॉईजही जवळपास त्याच पटीत वाढतो, त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

खरा उपाय म्हणजे सेन्सरपर्यंत चुंबकीय क्षेत्रच जास्त पोचवायचं. उघड्या वायरीपासून एक सेंटिमीटरवर १ अँपिअरचं क्षेत्र फक्त २० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) असतं, आपल्याकडे पृथ्वीचंच चाळीसच्या आसपास आहे, मग बिचाऱ्या सेन्सरने ओळखायचं काय? फेराइटची (चुंबकीय क्षेत्र गोळा करणाऱ्या काळ्या सिरॅमिकची) रिंग घ्या, तिला २ मिलिमीटरची फट पाडा (हळू कापा, तडकते), फटीत ४९ई सारखा लिनिअर हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा) बसवा, आणि लोडची वायर रिंगमधून न्या. १ अँपिअरला एका वेढ्यालाच क्षेत्र ६०० मायक्रोटेस्लाच्या वर जातं आणि वीस वेढे मारले की वीसपट. क्लॅम्प मीटरच्या जबड्यात वायरीचे दहा वेढे घालून रीडिंगला दहाने भागतात ना, तीच ही युक्ती. फक्त एकच वायर गुंडाळा, प्लस-मायनस दोन्ही एकदम घातल्या तर क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर शून्य येतं.

वेढे वाढले की रेंज तेवढी कमी होते, म्हणून इन्व्हर्टरची लाईन यातून नेऊ नका, एलईडी-राऊटरचीच न्या.

रिंग मिळेपर्यंत आहे त्याच मॉड्यूलवर शंभर रीडिंगची सरासरी काढा, इकडेतिकडे उडणारा नॉईज साधारण दहावा हिस्सा होईल. तरीही एकच आकडा सतत जास्त दिसत राहिला तर तो झिरोचा फरक आहे, लोड बंद करून नोंदवायचा आणि प्रोग्रॅममध्ये वजा करायचा. आणि मॉड्यूल स्पीकरपासून लांब ठेवा हो, त्यातल्या चुंबकानेपण झिरो सरकतो.