सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात सगळ्यात चांगला बरिटो कुठे मिळतो? गुण द्यायचे झाले तर कसे द्याल?

तुम्ही लिहिलंय की कामानिमित्त दहा दिवस सॅन फ्रान्सिस्कोत आहात, ऑफिसातला एक जण ‘ला टाकेरिया’ या मेक्सिकन खाणावळीची शपथ घेतो, दुसरा ‘एल फारोलितो’शिवाय बोलत नाही, आणि सोबत आलेली बायको शाकाहारी आहे. गुण देतो, पण त्याआधी ते दोघं का भांडतायत ते सांगतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या पदार्थांबद्दल बोलतायत.

मी फ्रीमाँटला राहतो. बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, थेट चोविसाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरता येतं, त्यामुळे महिन्यातला एखादा शनिवार मिशनमध्ये जातोच. खाल्लेल्या बरिटोंची एक एक्सेल शीट आहे. बायको तिला माझा दुसरा संसार म्हणते.

आपल्याकडे फोनवर सांगायला गेलं की आई म्हणते, “म्हणजे फ्रँकीच ना?” नाही. मिशनचा बरिटो म्हणजे मैद्याचा भलामोठा, वाफेवर मऊ केलेला टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळी, आत मांस, बीन्स, भात, साल्सा (टोमॅटो-मिरचीची चटणी), आणि वर घट्ट फॉइल. हातात घेतला की लहान बाळाइतका नाही, पण त्याच्या पायाइतका जड लागतो. हा प्रकार इथलाच. फोल्सम स्ट्रीटवर ‘एल फारो’ नावाचं कोपऱ्यावरचं किराणा दुकान होतं. त्याच्या मालकाचा दावा असा की शहरातला पहिला बरिटो त्याने १९६१ मध्ये विकला, आणि भात, साअर क्रीम, ग्वाकामोले (आव्होकाडोची चटणी) घातलेला ‘सुपर बरिटो’ही त्याचाच. व्हॅलेन्शिया स्ट्रीटवरच्या ‘ला कुंब्रे’चं म्हणणं, खरा मिशन बरिटो आमचा, १९६९ पासूनचा. पहिली मिसळ कुणाची, तसलाच हा वाद; त्यात पडू नका. चिपोटले या बरिटोच्या दुकानसाखळीच्या संस्थापकाने सॅन फ्रान्सिस्कोत स्वयंपाकी म्हणून काम करताना हेच बरिटो पाहिले आणि १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिलं दुकान टाकलं. म्हणजे काचेपलीकडे रांगेत उभं राहून ‘हे घाला, ते नको’ सांगायची जी पद्धत तुम्हाला माहीत आहे, ती तिकडे गेली ती इथूनच.

आता तुमच्या ऑफिसातलं भांडण. ला टाकेरिया १९७३ पासून पंचविसाव्या रस्त्याजवळ आहे आणि तिथे बरिटोत भात नसतोच. आत जागा फक्त मांस, बीन्स आणि साल्सा यांना. २०१४ मध्ये ‘फाइव्हथर्टीएट’ या आकडेवारीवाल्या वेबसाइटने देशभरातल्या चौसष्ट बरिटोंची बाद पद्धतीने स्पर्धा घेतली, तेव्हा जिंकला तो यांचाच. २०१७ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारही मिळाला, अमेरिकेतल्या खाद्यजगतातला मानाचा. त्यामुळे रांग असते. पण एल फारोलितोच्या भक्ताला भाताशिवायचा बरिटो म्हणजे भाताशिवायचं जेवण. पोट भरलं तरी तो जेवलो म्हणणार नाही. म्हणून माझ्या शीटमध्ये पहिल्यापासून दोन पानं आहेत, एक भातवाल्यांचं आणि एक बिनभाताचं. त्या दोन पानांची बेरीज करायची नाही.

आता गुण कसे देतो ते. सगळीकडे एकच ऑर्डर: साधा बरिटो, कार्ने असादा म्हणजे भाजलेलं बीफ, पिंटो बीन्स (राजम्यासारखे), तिखट साल्सा. (बीफ चालत नसेल तर चिकन घ्या, पण मग सगळीकडे चिकनच.) सुपर घ्यायचा नाही. साअर क्रीम आणि ग्वाकामोले चांगले लागतात यात वाद नाही, पण तुपाची धार सोडली की कसलाही भात खपतो, तसं होतं. मांस कोरडं आहे की रसाळ, कळतच नाही. आणि तिथेच बसून खायचा. फॉइलमध्ये वीस मिनिटं राहिला की टॉर्टिया स्वतःच्याच वाफेने लिबलिबीत होतो, मग गुण दुकानाला देताय की बार्टच्या वेळापत्रकाला, समजत नाही.

दहापैकी तीन टॉर्टियाला, तीन मांसाला, एक साल्साला. उरलेले तीन मी मिश्रणाला देतो, आणि लोक हसले तरी तेच सगळ्यात महत्त्वाचे आहेत. पहिला घास नुसता भात, चौथा घास नुसतं मांस आणि शेवटी सगळा साल्सा खाली साचलेला, असा बरिटो मी कितीही चांगल्या मांसाचा असला तरी पास करत नाही. सॅन डिएगोत न्यूरोसायन्सच्या एका विद्यार्थ्याने दहा निकषांवर बरिटो मोजले होते. लांबी आणि घेर मोजून घनफळ काढायचा पठ्ठ्या, आणि त्याच्याही निकषांत ‘सगळीकडे सारखं पसरलंय का’ हा एक होता. ते वाचून मला फार बरं वाटलं. (तिकडे बरिटोत फ्रेंच फ्राइज घालतात. त्याला तिसरं पान लागेल.)

मिश्रण बिघडणार की नाही हे खाण्याआधीच कळतं. काउंटरवर आपली पाळी आली की फोन खिशात ठेवा आणि बीन्स घालणाऱ्याचा हात बघा. टॉर्टिया वाफेच्या यंत्रातून निघतो, त्यावर भात पसरतो, मग तो बीन्सच्या भांड्यात झारा घालतो. चांगला कारागीर झारा वर काढून क्षणभर थांबतो, भांड्याच्या कडेवर दोनदा टकटक करतो, पाणी निथळू देतो आणि मगच बीन्स टॉर्टियावर घालतो, तेही एका ढिगात नाही, लांबट रेघेत. मग मांस त्या रेघेला लागून. दोन्ही कडा आत दुमडून, अंगठ्याने सारण मागे ओढत गुंडाळी. हे सगळं बारा-पंधरा सेकंदांत होतं. झारा निथळला नाही तर बाकी काहीही करा, तळाशी चिखल होणार.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. आमच्या ऑफिसजवळच्या एका टाकेरियात, म्हणजे बरिटोच्या खाणावळीत (नाव नको, माणसं चांगली आहेत) रांग मोठी होती, पोराने झारा तसाच पाण्यासकट उपडा केला. मी पाहिलं आणि गप्प बसलो. बार्टमध्ये खायला बंदी, म्हणून बरिटो बॅगेत. घरी पोचेपर्यंत फॉइलच्या तळातून बीन्सचं पाणी व्हिसाच्या कागदांवर उतरलं होतं. दहापैकी चार, आणि त्यातले तीन मांसाचे.

आता नावं आणि गुण.

बिनभाताच्या पानावर ला टाकेरिया, नऊ. तिथे मात्र माझा कार्ने असादाचा नियम मोडा आणि कार्नितास घ्या, म्हणजे डुकराचं मांस हळूहळू शिजवून कडेने खरपूस केलेलं. आणि ऑर्डर देताना ‘दोरादो’ म्हणा. मग गुंडाळलेला बरिटो तव्यावर टाकून बाहेरून सोनेरी करून देतात. मैद्याच्या त्या पापुद्र्याला दात लागताना जो बारीक कुर्र आवाज येतो, त्याला मी वेगळा अर्धा गुण देणार होतो, पण मग बाकीच्यांवर अन्याय झाला असता.

भातवाल्यांत माझा पहिला नंबर ‘टाकेरिया कँकून’चा, साडेआठ. मिशन स्ट्रीटवर एकोणिसाव्या रस्त्याजवळ. ते टॉर्टिया वाफवण्याऐवजी तव्यावर शेकतात, त्यामुळे तो भिजत नाही, आणि आव्होकाडो वाटून नाही तर कापे करून घालतात. कुणी विचारलं, एकदाच जायचंय, कुठे जाऊ, तर मी इथे पाठवतो.

एल फारोलितो आठ. स्टेशनमधून वर आलात की समोरच. आकाराला सगळ्यात मोठा, आल पास्तोर (मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मांस) तिखटसर, आणि रात्री उशिरापर्यंत उघडं. रात्री बारानंतर कदाचित नऊ देईन, पण त्या वेळी माझ्या गुणांना काय अर्थ. ला कुंब्रे साडेसात. भाजलेल्या मांसाचा वास तिथे दारातच येतो, पण मला साल्सा अजून झणझणीत चालला असता. सोळाव्या रस्त्यावरच्या ‘पांचो व्हिया’त साल्साच्या वाट्यांची अख्खी रांग मांडलेली असते, साल्सा हाच तुमचा मुख्य विषय असेल तर आधी तिथे.

बायकोसाठी. ‘व्हेजी बरिटो’ सगळीकडे मिळतो, पण नावावर विसंबू नका. घोटलेल्या बीन्समध्ये, ज्यांना रिफ्राइड म्हणतात, डुकराची चरबी असू शकते, आणि भात कधी कधी चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. काउंटरवर बीन्सकडे बोट दाखवून विचारा, “तिएने मांतेका?” म्हणजे यात चरबी आहे का. भाताचं वेगळं विचारा. सहसा अख्खे काळे किंवा पिंटो बीन्स सुरक्षित असतात, पण तेही विचारूनच घ्या. कुणी रागावत नाही. मांसाच्या तव्यावर टॉर्टिया शेकलेला चालत नसेल तर वाफवलेला मागा. आणि मांस नसल्यावर आव्होकाडो घ्याच, नाहीतर तो मसालेभाताचा रोल होतो. सोबत ओर्चाता घेऊन द्या, तांदूळ आणि दालचिनीचं थंड पेय. माझ्या सासूबाईंना इथे आल्यावर आवडलेली ती पहिली गोष्ट.

दहा दिवसांत तुमचे चार तरी होतील. एका दिवशी दोन खाऊन तुलना करायला जाऊ नका, मी केलंय. दुसऱ्याला नेहमी कमी गुण पडतात आणि तो त्याचा दोष नसतो. अर्धा उरला तर फॉइल काढून दुसऱ्या दिवशी तव्यावर मंद आचेवर शेका, मायक्रोवेव्हमध्ये नको.

आणि खाताना फॉइल एकदम सोलायचं नाही. वरून दोन बोटं उघडायचं, तेवढं खायचं, मग पुढचं फाडायचं. पहिल्या वेळी मी सगळं फॉइल काढून बरिटो ताटलीत ठेवला होता, तर शेजारच्या टेबलावरचे आजोबा काही न बोलता उठले आणि मला एक काटा आणून दिला.