इंग्लंडमधील बागेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलणारी उंच, बहुवर्षायू फुलझाडे कोणती लावावीत?

आपल्या प्रश्नावरून मला जे समजले ते असे: घर मध्य इंग्लंडमध्ये आहे, मागच्या कुंपणालगत दिवसभर ऊन मिळणारा लांब वाफा आहे आणि जमीन चिकणमातीची आहे. मे-जूनमध्ये तिथे ल्युपिन, डेल्फिनियम आणि पिओनी भरभरून फुलतात, पण जुलै सरता सरता सगळा वाफा ओका दिसू लागतो. त्यासाठी थंडीत तग धरणारी, दरवर्षी पुन्हा फुटणारी आणि कुंपणाच्या उंचीला शोभणारी फुलझाडे आपल्याला हवी आहेत. मीही याच देशात अशाच जड जमिनीवर बाग करते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वाफा ओका पडतो त्यात आपल्या निगराणीचा दोष नाही. ल्युपिन, पिओनी यांसारखी झाडे वसंतात झपाट्याने वाढतात, जूनमध्ये फुलतात आणि बी धरण्याच्या मार्गाला लागतात. ऑगस्टनंतर फुलणाऱ्या झाडांपैकी बरीचशी मूळची उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांची आणि ओलसर कुरणांची आहेत. तिथल्या उंच गवतातून वर येऊन ऊन गाठायचे तर आधी अंगाने वाढावे लागते, त्यामुळे त्यांचा अर्धा उन्हाळा उंची गाठण्यात जातो आणि फुले नंतर येतात. आपल्याला हवी असलेली उंची आणि उशिराचा बहर या दोन्ही गोष्टी त्यामुळे त्यांच्यात एकत्र सापडतात.

एकच झाड निवडायचे झाले, तर मी निःसंकोचपणे हेलेनियम सुचवेन. त्यातही ‘मोरहाइम ब्यूटी’ हा १९३०च्या सुमाराचा जुना डच वाण अजूनही उत्तम आहे. तो साधारण ९० ते १२० सेंटीमीटर उंच होतो. त्याचे फूल जवळून पाहण्यासारखे असते: मधोमध तपकिरी, मखमली गोल बोंड आणि त्याच्याभोवती खाली झुकलेल्या तांबूस-विटकरी पाकळ्या. बोंडावरची बारीक फुले कडेकडून आत उमलत जातात, त्यामुळे त्यावर परागाचे पिवळे कडे दिसते आणि मधमाश्या त्या कड्यावरून गोल गोल फिरत राहतात. पाकळ्यांचा रंग जुना होताना तपकिरीकडे झुकतो, म्हणून एकाच झाडावर तीन-चार छटा एका वेळी दिसतात. हेलेनियमला ओल धरून ठेवणारी जमीन मानवते, त्यामुळे आपली चिकणमाती इथे उपयोगीच पडेल. मात्र जुलैमध्ये पाण्याची ओढ बसली की त्याची खालची पाने करपतात आणि बुंधा उघडा पडतो. कोरड्या आठवड्यांत मुळाशी भरपूर पाणी द्यावे आणि त्याच्या पुढे एखादे बुटके, दाट झाड लावावे.

कुंपणालगतच्या मागच्या ओळीसाठी दोन नावे पुरेशी आहेत. ‘लेमन क्वीन’ हे बहुवर्षायू सूर्यफूल सुमारे दोन मीटर उंच होते आणि ऑगस्टपासून फिकट लिंबू रंगाच्या फुलांनी झाकले जाते. त्याच्या शेजारी तितकेच उंच जो-पाय वीड लावावे. जुन्या लेबलांवर ते युपेटोरियम या नावाने आढळते. त्याचे मळकट गुलाबी, घुमटाकार गुच्छ फुलपाखरांना फार प्रिय आहेत. या दोन्ही झाडांच्या बेटांचा विस्तार पुढे बराच वाढतो, तेव्हा प्रत्येकाला निदान ७५ सेंटीमीटर जागा सोडावी. उंच झाडे नेहमी मागेच असली पाहिजेत असेही नाही. व्हर्बेना बोनारिएन्सिसचे देठ दीड मीटर उंच, पण इतके विरळ असतात की ती अगदी पुढे लावली तरी मागचे सारे दिसते. कडक थंडीत आणि साचलेल्या ओलीत ती मरू शकते, परंतु तिचे बी पडून नवी रोपे सहसा आपोआप उगवतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी अ‍ॅस्टर हवेतच. महाराष्ट्रात हारांसाठी लावतात ते अ‍ॅस्टर हंगामी असते. इथली ही झाडे त्याच कुळातील, पण बहुवर्षायू आहेत. इथे दोन गट दिसतात, न्यू यॉर्क आणि न्यू इंग्लंड. आपण न्यू इंग्लंड गटातीलच घ्यावीत, कारण न्यू यॉर्क गटावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड पसरवणारा बुरशीचा रोग, फार पडते. या दोन्ही गटांबाहेरचा ‘मोंश’ (Mönch) नावाचा फिकट जांभळा वाण उंचीला जेमतेम ९० सेंटीमीटर असला तरी मला त्याचे विशेष ममत्व आहे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिकार्ट यांनी तयार केलेल्या या संकराच्या जनकांपैकी एक जाती पश्चिम हिमालयातील आहे. चिकणमातीत त्याला पाण्याचा निचरा मात्र सुधारून द्यावा लागतो. शक्य असल्यास शरदात माल्व्हर्नजवळच्या कोलवॉल गावातील पिक्टन गार्डन अवश्य पाहावे. तिथे अ‍ॅस्टरचा राष्ट्रीय संग्रह असून वाणांची खरी उंची आणि रंग डोळ्यांनी पाहून निवड करता येते.

वाफ्याच्या एखाद्या टोकाला सावली येत असेल, तर तिथे ‘ऑनोरीन जोबेर’ हे पांढरे जपानी अ‍ॅनिमोन लावावे. ते १८५८ पासून बागांत आहे. एकदा रुजले की ते मुळांनी पसरते आणि काढणे अवघड जाते, म्हणून जागा विचारपूर्वक ठरवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, जे मेमध्येच करावे लागते. महाराष्ट्रात शेवंतीचे शेंडे खुडतात, त्याच तत्त्वावर इथे मेच्या अखेरीस हेलेनियम, अ‍ॅस्टर आणि ‘लेमन क्वीन’ यांचे देठ वरून एक तृतीयांश कापतात. लंडनमधील चेल्सीचे पुष्पप्रदर्शन त्याच सुमारास भरते, म्हणून या छाटणीला ‘चेल्सी चॉप’ म्हणतात. धारदार कात्रीने पानाच्या अगदी वर कापावे. तिथून फांद्या फुटतात, झाड आटोपशीर राहते, फुले काहीशी लहान पण संख्येने जास्त येतात आणि बहर दोन-तीन आठवडे पुढे जातो. मी बेटातील पुढचेच देठ कापते आणि मागचे तसेच ठेवते, म्हणजे मागची फुले संपत येताना पुढची उमलतात. जी झाडे कापणार नाही, त्यांना गुडघाभर उंचीची असतानाच आधार द्यावा. पावसाने आडवी झालेली झाडे नंतर काठीला बांधली, तरी ती कधीच नीट दिसत नाहीत.

जड जमिनीत लागवड शक्यतो एप्रिलमध्ये करावी, कारण शरदात लावलेली लहान रोपे थंड, साचलेल्या ओलीत कुजू शकतात. कुजलेले शेणखत मातीत मिसळावे आणि वरूनही आच्छादन द्यावे. मार्च-एप्रिलमध्ये बिनशंखाच्या गोगलगायी हेलेनियमचे कोवळे कोंब जमिनीलगत खाऊन टाकतात. तेवढे आठवडे रात्री विजेरी घेऊन त्या वेचाव्यात. दर तीन-चार वर्षांनी वसंतात हेलेनियम आणि अ‍ॅस्टरचे बेट उकरून मधला जून, लाकडी भाग टाकून द्यावा आणि कडेच्या, मुळे असलेल्या काश्या (फुटवे) पुन्हा लावाव्यात. म्हणूनच सुरुवातीला मोठ्या कुंड्यांतील महागडी रोपे घेण्याची गरज नाही. नऊ सेंटीमीटरच्या कुंडीतील प्रत्येकी तीन रोपे आपल्या वाफ्याला पुरतील.