आधी चुकीची उत्तरं लिही

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तू काढलेला फिजिक्सचा पेपर काल मिळाला आणि रात्रीच वाचून काढला. बारावीची चाचणी, इलेक्ट्रिसिटी, ऑप्टिक्स आणि मॉडर्न फिजिक्स, 50 गुण. गुणांची बेरीज बरोबर, धड्यांचं वाटप नीट, एकही प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. कुठल्याही विभागप्रमुखाने डोळे मिटून सही केली असती. मी आता निवृत्त, माझ्या सहीला किंमत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

हा पेपर तपासून झाल्यावर कोणी अभ्यास केला आणि कोणी केला नाही, एवढंच तुला कळेल. ते तर वर्गात दोन महिने उभं राहिल्यावर आपल्याला असंही ठाऊक असतं. ज्याला गुण मिळाले नाहीत त्याच्या डोक्यात नेमकं काय चाललंय, हे या पेपरातून कळणार नाही. आणि ज्याला मिळाले त्याच्याही डोक्यातलं कळणार नाही, ही त्याहून मोठी पंचाईत.

तुझा प्रश्न 4 घे. 4 ओहम आणि 6 ओहम पॅरललमध्ये, त्यांच्याशी सिरीजमध्ये 1.6 ओहम, बॅटरी 12 व्होल्ट, करंट काढा. उत्तर 3 अँपिअर. आकडे छान निवडलेस, लॉग टेबल उघडावं लागत नाही. पण हे गणित करायला करंट म्हणजे काय ते कळलेलं असायची गरज नाही, पॅरललचं सूत्र पाठ असलं की पुरे. त्याच्या जागी हे ठेवून बघ: तीन सारखे बल्ब. ए सिरीजमध्ये, त्याच्यापुढे बी आणि सी एकमेकांना पॅरलल. बॅटरी आदर्श, बल्बचा रेझिस्टन्स बदलत नाही असं धरा. सी होल्डरमधून काढून घेतला. ए आणि बी यांच्या प्रकाशात काय फरक पडेल? कारण लिहा.

आता प्रश्न कागदावर उतरवायच्या आधी त्याची चुकीची उत्तरं लिहून काढ. मुलं काय लिहितील ते मी सांगते. एक गट म्हणेल, ए तसाच राहील आणि बी जास्त पेटेल, कारण सीचा करंट आता बीला मिळणार. या मुलांच्या मते बॅटरी ठरावीक करंट पुरवते, सर्किट काहीही असो. दुसरा गट म्हणेल, बीला काहीच होणार नाही, कारण पॅरललमध्ये एक बल्ब गेला तरी दुसऱ्याला फरक पडत नाही. हे घरच्या वायरिंगवरून आलेलं. घरी ते खरंही आहे, कारण तिथे प्रत्येक बल्ब थेट 230 व्होल्टवर असतो, मध्ये कोणी ए बसलेला नसतो. तिसरा गट म्हणेल, एक बल्ब कमी झाला म्हणजे रेझिस्टन्स कमी झाला, मग करंट वाढला, ए आणखी पेटेल. पॅरललची फांदी काढली की एकूण रेझिस्टन्स वाढतो, हे त्यांनी सूत्राने शंभर वेळा काढलेलं असतं, तरीही.

खरं उत्तर तुला माहीत आहे. एका बल्बचा रेझिस्टन्स आर आणि बॅटरीचं व्होल्टेज व्ही धर. आधी एकूण रेझिस्टन्स दीडपट आर, नंतर दुप्पट. ए मंदावतो, त्याची पॉवर व्ही वर्ग भागिले आरच्या 4/9 वरून 1/4 वर येते. बी वाढतो, 1/9 वरून 1/4. दोघं सारखेच पेटतात.

इथे एक गोम आहे. पहिल्या गटाचं बीबद्दलचं उत्तर बरोबर आहे. कारण साफ चूक, उत्तर बरोबर. तू फक्त 'बीचं काय होईल' एवढंच विचारलंस, तर या मुलांना पूर्ण गुण जातील आणि ती आपला समज घेऊन खुशाल इंजिनिअरिंगला जातील. म्हणून एचं विचारायलाच हवं. चुकीची उत्तरं आधी लिहिल्याशिवाय ही फट दिसत नाही. हार्वर्डला शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी हाच पडताळा घेतला होता. एकाच परीक्षेत किरचॉफच्या नियमांनी सोडवायचं दोन लूपच्या सर्किटचं गणित आणि बल्ब-स्विचचा साधा प्रश्न शेजारी ठेवला. किरचॉफ सोडवणारी बरीच मुलं बल्बपाशी अडखळली. तिथे ही गत, तर क्लासमध्ये दिवसाला चाळीस गणितं घोटणाऱ्या आपल्या मुलांचं काय सांगावं.

एमसीक्यू काढतानाही हेच कर. तुझ्या पेपरातल्या दहा एमसीक्यूंमध्ये सात ठिकाणी चुकीचे पर्याय म्हणजे बरोबर उत्तराच्या दुप्पट, निम्मं आणि वर्ग. ते पर्याय कोणीच मनापासून निवडत नाही, नुसती जागा भरते. वरच्या तीन गटांची उत्तरं तीन पर्यायांत घाल आणि चौथं खरं ठेव. मग कुठल्या पर्यायावर किती मुलं पडली ते मोजलंस की दुसऱ्या दिवशीचा तास आपोआप ठरतो. मात्र पर्यायाखाली एक ओळ कारणासाठी ठेव. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे मुलांना ठोकून द्यायची सवय लागलेली असते. ती त्यांची लबाडी नाही, 90 मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न म्हटल्यावर तेच शहाणपणाचं आहे. पण तुझी चाचणी सीईटी नाही.

ती बोर्डही नाही. बोर्डाच्या पेपरात पर्याय धरून 98 गुणांचे प्रश्न असतात आणि सोडवायचे 70 चे. याचा अर्थ मुलं बरोबर ओळखतात: एसी सर्किट्स ऑप्शनला, सेमीकंडक्टर ऑप्शनला, एखाद्याचं अख्खं ऑप्टिक्स ऑप्शनला. तू चाचणीतही 'कोणतेही तीन सोडवा' असं लिहिलंयस. काढून टाक. ओरडतील, ओरडू दे. मुलाला टाळलेल्या धड्याला भिडावं लागेल अशी वर्षातली जागा म्हणजे तुझी चाचणीच.

डेरिव्हेशन तू सगळीच काढून टाकलीस, 'घोकंपट्टी' असा शेरा मारून. इथे मी तुझ्या विरुद्ध आहे. बोर्डात ती येतात आणि गरीब घरच्या, क्लास नसलेल्या मुलाचे हक्काचे गुण तिथेच असतात. ठेव, पण मधून विचार. बोरच्या त्रिज्येचं, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या कक्षेचं, डेरिव्हेशन पूर्ण लिहायला लाव आणि खाली दोन गुणांना विचार: यातली कुठली पायरी जुन्या फिजिक्समधली आहे आणि कुठली बोरने नव्याने मानली? कुलंबचं बल बरोबर सेंट्रिपेटल बल ही पायरी कोणालाही मांडता आली असती. अँग्युलर मोमेंटम एच (प्लांकचा स्थिरांक) भागिले 2 पायच्या पटीतच असतो, हे बोरचं. पाठ केलेलं मूल या दोन ओळींत उघडं पडतं, आणि समजून केलेल्याला त्या लिहायला अर्धा मिनिट लागतो.

ऑप्टिक्सला तू फ्रिंज विड्थची, म्हणजे डबल स्लिटमुळे पडद्यावर पडणाऱ्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांच्या रुंदीची, तीन गणितं दिलीस. एक पुरे. 600 नॅनोमीटर, पडदा 1.2 मीटर, स्लिटमधलं अंतर 0.3 मिलीमीटर, उत्तर 2.4 मिलीमीटर; मग सगळं उपकरण पाण्यात बुडवलं तर? 4/3 ने भागून 1.8. मग एक स्लिट बंद केली तर? इथे अनेक जण लिहितात की फ्रिंजेस तशाच, फक्त अंधूक. दुसऱ्या प्रश्नासाठी मला स्वतःला आवडतं ते हे: डबल स्लिटमध्ये डी साइन थीटा बरोबर एन लॅम्डा लिहिलं (डी म्हणजे स्लिटमधलं अंतर) की उजेड येतो. सिंगल स्लिटमध्ये ए साइन थीटा बरोबर एन लॅम्डा लिहिलं (ए म्हणजे स्लिटची रुंदी) की अंधार येतो. सूत्र दिसायला तेच, मग असं का? स्लिटचे दोन भाग करून वरच्या आणि खालच्या भागातल्या जोड्या अर्ध्या लॅम्डाच्या फरकाने एकमेकींना कशा मारतात, हे पहिल्या मिनिमाची आकृती काढून दाखवायला सांग. तीन गुण दे, कंजुषी करू नकोस. लेन्सचा अर्धा भाग झाकला तर प्रतिमा अर्धी दिसेल का, हा अकरावीतला प्रश्नही एका गुणाला टाक. सीईटीत अकरावीचा वाटा 20 टक्के असतो आणि बारावीची मुलं ते पुस्तक केव्हाच माळ्यावर टाकून बसलेली असतात.

मॉडर्न फिजिक्समध्ये फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं, म्हणजे प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचं, तुझं गणित सरळ आहे: वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) 2.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, 400 नॅनोमीटरचा प्रकाश, स्टॉपिंग पोटेन्शियल (त्या इलेक्ट्रॉनना थोपवणारं व्होल्टेज) काढा. 3.1 वजा 2.3, म्हणजे 0.8 व्होल्ट. त्याच्याआधी 620 नॅनोमीटर दे आणि इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त कायनेटिक एनर्जी विचार. फोटॉनची ऊर्जा 2.0 इलेक्ट्रॉन-व्होल्टच भरते. मग तपासताना बघ: 'उणे 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट', खाली पट्टीने दोन रेघा, भोवती चौकट. कायनेटिक एनर्जी उणे कशी, हा विचार मनाला शिवलेलाही नसतो. त्याच्या पोटात आणखी एक विचार: हाच प्रकाश दहापट तीव्र केला तर? 'इलेक्ट्रॉन बाहेर पडतील' म्हणणारं मूल प्रकाशाला अजून लाटच समजतंय, फोटॉन हा शब्द तेवढा त्याने शिकून घेतलाय. आणि 400 नॅनोमीटरची तीव्रता दुप्पट केली तर करंट दुप्पट, स्टॉपिंग पोटेन्शियल तेवढंच, हेही येऊ दे. एच गुणिले सी (प्रकाशाचा वेग) बरोबर 1240 इलेक्ट्रॉन-व्होल्ट नॅनोमीटर असं पेपरावरच छापून टाक. दहाच्या उणे चौतिसाव्या घाताशी झटापट करताना मुलांचं फिजिक्स हरवतं, आणि आपण गुण कापतो ते लॉग टेबलचे.

वेळ उरला तर आलेखाचा प्रश्न घाल. आइन्स्टाइनने 1905 मध्ये फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं समीकरण मांडलं, प्रयोग करणाऱ्या मिलिकनचा त्यावर विश्वास नव्हता, आणि 1916 मध्ये त्याच मिलिकनच्या मोजमापांतून ती सरळ रेघ आणि एचची किंमत निघाली. पाच फ्रिक्वेन्सी, पाच स्टॉपिंग पोटेन्शियल, एक आलेख कागद. सवय अशी की मुलं रेघ ओरिजिनमधूनच ओढतात. जो ओढणार नाही, त्याला दुसऱ्या धातूची रेघ कशी येईल ते विचार: तिरपेपणा तोच, सरकलेली.

हाफ-लाइफचं, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळाचं, गणित मात्र नक्की बदल. '8 ग्रॅमचे तीन हाफ-लाइफनंतर किती उरतील' हे आता सातवीतलं मूलही सांगेल. आयोडीन-131 घे, थायरॉइडच्या उपचारात वापरतात ते. हाफ-लाइफ साधारण 8 दिवस. बंद काचेच्या कुपीत 8 मिलिग्रॅम. (एवढं कोणी हातात देणार नाही, कागदावर चालतं.) 16 दिवसांनी आयोडीन किती? 2 मिलिग्रॅम. आणि कुपीतल्या पदार्थाचं एकूण वस्तुमान किती? निम्म्याहून जास्त वर्ग पुन्हा 2 लिहील. बीटा क्षय झाला, आयोडीनचं झेनॉन-131 झालं, मास नंबर 131 चा 131 च, वायू कुपीतच आहे. जवळजवळ 8. 'उरतं' म्हणजे बाकीचं नाहीसं होतं असं त्यांना वाटतं, आणि आपणही फळ्यावर फक्त उरलेलंच लिहीत असतो.

आता तपासणीचं. पेपर छापायला द्यायच्या आधी मॉडेल आन्सर लिहून काढ, पायरीवार गुणांसकट, अर्ध्या-अर्ध्या गुणाचे. घड्याळ लावून स्वतः सोडव. तुला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागला तर दीड तासात तो मुलांना झेपणार नाही. पहिल्या पायरीत आकडा चुकला आणि पुढचं सगळं त्या चुकीच्या आकड्यावर बरोबर केलंय, तर एकदाच गुण काप. टॉर्चच्या सेलमधून 3 लाख अँपिअर काढून पुढे गेलेल्याचा अर्धा गुण जास्त काप, हा माझा जुना हट्ट. तुला पटत नसेल तर सोड. कारणांना गुण देताना इंग्रजी बघू नकोस. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं तुझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त आहेत, असं तूच लिहिलंयस. त्यांनी कारण मराठीत लिहिलं तरी चालेल असं पेपराच्या माथ्यावर छाप. आणि सर्किटचं वर्णन चार ओळींत करण्यापेक्षा आकृती दे. तुझ्या प्रश्न 7 चं वाक्य मला दोनदा वाचावं लागलं.

सुधारलेला पेपर टायपिंगला देण्याआधी मॉडेल आन्सरसकट मला पाठव, दोन दिवसांत परत करते. टाइप होऊन आला की छापील प्रत हातात घेऊन वाच, स्क्रीनवर नको. फॉन्ट बदलला की म्यूचं चिन्ह गुपचूप एम होतं आणि तुझा 50 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 50 मिलिफॅरडचा होऊन बसतो. ओहमचं चिन्हही असंच डब्ल्यू होतं. एसी सर्किटच्या प्रश्नात दोन्ही आहेत, तो आधी बघ.

तुझी,
मॅडम