अमेरिकेतले कृष्णवर्णीय नोकरदार ऑफिसातल्या वर्णभेदाला कसं तोंड देतात? मन घट्ट करणं पुरतं का?

नाही पुरत. एकट्याने सोसत राहिलं की माणूस आतून पोखरला जातो. खरा आधार एकत्र येण्यातून मिळाला आहे. झेरॉक्स या फोटोकॉपी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचंच बघा. १९६४ मध्ये कंपनीचं तेव्हाचं मुख्यालय असलेल्या रॉचेस्टर शहरात वांशिक दंगल झाली, त्यानंतर तिने कृष्णवर्णीयांची भरती वाढवली. पण सॅन फ्रान्सिस्को भागातल्या कृष्णवर्णीय विक्री प्रतिनिधींना चांगल्या कमाईचे विभाग, म्हणजे विक्रीसाठी वाटून दिलेले भाग, मिळेनात. मग ते आपापसांत भेटू लागले, अनुभव ताडून पाहू लागले, नव्यांना काम शिकवू लागले. आपण कमी पडत नाही, विभागांची वाटणीच अन्यायाची आहे, हे एकमेकांशी बोलल्यावर स्पष्ट झालं. माझ्या मते अर्धी जखम तिथेच भरायला लागते. पुढे त्यांनी कंपनीशी उघड लढा दिला. २००९ मध्ये उर्सुला बर्न्स ही कृष्णवर्णीय स्त्री त्याच कंपनीची सीईओ झाली.

सोबत पुरावाही हवा. घडलेल्या प्रसंगाची तारीख, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३०० दिवस असते. आणि ही नोंद घरच्या वहीत असावी, ऑफिसच्या लॅपटॉपवर अजिबात नको.