तीन तासांची रोषणाई, चिमूटभर गोष्ट

प्रश्न: काका, मी ऐरोलीला राहते. ‘अवतार’चा दुसरा भाग आला तेव्हा भाच्याबरोबर वाशीला थ्रीडीत पाहिला होता. पाण्याखालची दृश्यं बघून थक्क झाले, पण परतताना ट्रेनमध्ये मैत्रिणीला फोनवर गोष्ट सांगायला घेतली तर दोन वाक्यांत संपली. भाचा म्हणतो, “मावशी, हा पिक्चर नुसता बघायचा असतो, गोष्ट काय शोधतेस!” माझंच वय झालंय का? शिवाय मधलेच काही प्रसंग टीव्हीवरच्या मॅचसारखे गुळगुळीत का दिसत होते? आता तो तिसऱ्या भागासाठी मागे लागलाय. जाऊ का?

उत्तर: वयाचा काही संबंध नाही, भाच्याला खुशाल सांगा. आणि मी रोषणाईला नाकं मुरडणारा नाही बरं का. गडकरी रंगायतनच्या लाइटरूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. डिमर हळूहळू वर नेला की सबंध प्रेक्षागृह चिडीचूप होतं, हे मी पाहिलंय. हा दुसरा भाग, ‘द वे ऑफ वॉटर’, बघायला गेलो तोही उजेडासाठीच.

तंत्र अफाटच आहे. नटांना दोरांवर लटकवून पोहल्याचा आव आणलेला नाही, खऱ्या पाण्याच्या प्रचंड टाकीत उतरवलंय. पाठीवर हवेचे सिलिंडर नाहीत, कारण बुडबुडे उठले की हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा गोंधळ उडतो. म्हणून सगळे दम कोंडायला शिकले. केट विन्स्लेटने तर सात मिनिटांहून जास्त वेळ दम धरला. वरच्या दिव्यांचा उजेड पाण्यात उतरून घोळ घालू नये म्हणून टाकीवर छोटे पांढरे गोळे तरंगत सोडले होते. हे वाचलं आणि मी हातच जोडले. दिवेवाल्याचं दुखणं दिवेवाल्यालाच कळतं! व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, ते हक्काचं.

तुमचा मॅचवाला प्रश्न नेमका आहे. सिनेमा सहसा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा. इथे पाण्यातले आणि मारामारीचे बरेच प्रसंग ४८ फ्रेमने दाखवले, संवादांचे २४नेच. ४८ला हालचालीतला पुसटपणा जातो, आणि आपल्या डोळ्यांना तर त्या पुसटपणाचीच सवय. तुमचे डोळे शाबूत आहेत.

आता गोष्ट. साधी असती तर माझी तक्रार नव्हती. जंगल सोडून समुद्रकाठच्या लोकांकडे आसऱ्याला गेलेलं कुटुंब, एवढ्यावर १९२ मिनिटं सहज निभावली असती. पण २००९च्या पहिल्या भागात मेलेला कर्नल क्वारिच इथे निळ्या देहात, जुन्या आठवणींसकट हजर. मेलेला खलनायक परत येऊ शकतो म्हटल्यावर पुढच्या लढाईची धास्ती कुणाला वाटणार? मुलं पकडली जातात, सुटतात, परत पकडली जातात. धाकटी टूक तर वैतागून बोलूनच दाखवते, मला पुन्हा बांधलंय म्हणून. लेखकांना कळत होतं म्हणायचं! पहिल्या भागात ज्या खनिजासाठी एवढं रण माजलं, त्याचं इथे कुणाला फारसं पडलेलं नाही. त्याच्या जागी तुल्कून नावाच्या अवाढव्य जलचरांच्या मेंदूतला, माणसाचं वय वाढणं थांबवणारा द्रव. कारण नवं, भांडण जुनंच.

एक जागा मात्र मला अजून आठवते. कळपाने वाळीत टाकलेला तुल्कून पायाकान आणि त्या कुटुंबातला, थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेला लोआक. तो मुलगा त्याच्या पराला रुतलेला भाला ओढून काढतो. तिथे चित्र आणि गोष्ट एकाच कामाला लागतात. कोण काय सोसतंय हे कुणी बोलून न दाखवता समजतं. सबंध सिनेमा याच चालीने गेला असता तर ट्रेनमध्ये तुम्ही ऐरोली येईपर्यंत बोलत राहिला असता.

तिसऱ्या भागाला जा. तिकीट भाच्याला काढू दे, जागा तुम्ही निवडा: मधल्या रांगेच्या थोडं मागे, पडद्याच्या बरोबर मधोमध. कडेची खुर्ची नको. थ्रीडीच्या चष्म्याने उजेड बराच खाल्ला जातो, त्यात काचेवर बोटांचे ठसे असले तर संपलंच, म्हणून तो आधी स्वच्छ पुसा. आणि मध्यंतरात भाच्याला विचारा, यातल्या कुणाला काय हवंय आणि ते मिळालं नाही तर त्याचं काय बिघडेल? सांगता आलं नाही, तर पॉपकॉर्नचे पैसे त्याने द्यायचे.