साबणाची दाढ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा रामबागेत तुझी आई भेटली. म्हणाली, "एमबीबीएस नाही मिळालं तर बीडीएस भरून टाकू." ते 'भरून टाकू' मला टोचलं, म्हणून हे पत्र. बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचा चार वर्षं अभ्यास, वर एक वर्ष इंटर्नशिप. पाच वर्षं मन मारून दुसऱ्याच्या तोंडात डोकावणं जमायचं नाही गं.

तेव्हा आधी एक कर. कपड्यांच्या साबणाची वडी घे आणि आरशात बघून स्वतःची दाढ कोर. पहिल्याच वर्षी मेणात दात कोरायला लावतात. पहिली दाढ बटाट्यासारखी होईल. माझीही झाली होती. पाचवी कोरावीशी वाटते का, ते बघ.

मग चार दुपारी माझ्या दवाखान्यात कोपऱ्यात येऊन बस. वरच्या दाढांचं बरंचसं काम आम्ही छोट्या आरशात बघून करतो, हात उलटा चालवावा लागतो. सवयीनं येतं, पण आधी चिडचिड फार होते. झाबुआ-धारकडचे तपकिरी डागांचे दात दिसतील. लोक म्हणतात घासत नसेल, दोष असतो पाण्यातल्या फ्लोराइडचा. आणि गुटखा. त्यानं तोंड उघडेनासं होतं. एरवी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. गेल्या महिन्यात एका बावीस वर्षांच्या मुलाची दीडच गेली. पोह्यांचा चमचा तिरका करून घालावा लागतो म्हणाला, आणि तेही इंदुरात! त्या दिवशी मी ड्रिलला हात लावला नाही. अर्धा तास नुसती त्याच्याशी बोलत होते. हेही डेंटिस्टचंच काम.

प्रवेशपरीक्षेचं तुला ठाऊक आहेच: 'नीट' 720 गुणांची, चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात. पण निम्मे, म्हणजे 360 गुण जीवशास्त्राचे, आणि तू 'ते येतंच' म्हणून बाजूला ठेवतेस. एनसीईआरटीचं पुस्तक ओळन् ओळ वाच, आकृत्यांखालचा मजकूरसुद्धा.

सरकारी जागांपैकी 15 टक्के अखिल भारतीय कोट्यात, बाकीच्या राज्याच्या काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे जागावाटपात. नोंदणी दोन्हीकडे वेगवेगळी. मध्य प्रदेशात सरकारी डेंटल कॉलेज एकच, 1961पासूनचं, आपल्या इंदुरातलं. ते यादीत सगळ्यात वर टाक. खासगीत जायचं तर फीबरोबर उपकरणांचा खर्चही धर आणि बाबांशी आत्ताच बोल, जागा मिळाल्यावर नाही.

राज्याच्या जागांसाठी मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे इथली रहिवासी असल्याचा दाखला, आजच काढायला टाक. नाव दहावीच्या मार्कशीटसारखंच हवं. आपल्या आडनावांतला 'ळ' इथल्या कचेऱ्यांत कधी 'ल' होतो, कधी 'ड'. त्यापायी मी तीन चकरा मारल्यात.

मंगळवारी तो मुलगा पुन्हा तपासणीला येणार आहे. तू बसलीस तर चालेल का, विचारलं, हो म्हणाला. चार वाजता ये, आणि ती साबणाची दाढ घेऊन ये. बटाटा झाली असली तरी.

तुझी,
डॉक्टर काकू